म्हैसूर दरबारातील दुफळी आणि खंडेराव प्रधान : १७३४ ते १७६१

म्हैसूरच्या वोडेयर घराण्याची सत्ता हैदरअलीने बळकावली, असे एका वाक्यात सांगण्याचा प्रघात आहे. हे वाक्य खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि ज्या गोष्टीचा उलगडा व्हावयास हवा तीच त्यात गृहीत धरली जाते. लिहिता-वाचता न येणाऱ्या एका नाइकाच्या हाती १७६१ साली जे राज्य आले, ते त्याने श्रीरंगपट्टणच्या तटाला खिंडार पाडून घेतलेले नव्हते. राजाला त्याने पदच्युतही केले नाही. त्या राज्याचे महाल, त्याची शिबंदी आणि अखेर त्याचा खजिना यांचा एकेक वाटा दरबारातल्याच कोणत्या ना कोणत्या गटाने त्याच्या स्वाधीन केला होता, आणि प्रत्येक वेळी तो केला होता तो प्रतिपक्षाला नमविण्यासाठी. राज्य हिरावले गेले की हवाली केले गेले, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

मराठी वाचकाला हैदर परिचित आहे तो मुख्यतः माधवराव पेशव्यांच्या कर्नाटकातील स्वाऱ्यांमधून, म्हणजे १७६४ नंतरचा. त्या वेळी तो सर्वसत्ताधीश होऊन बसला होता. त्याआधीच्या सत्तावीस वर्षांत श्रीरंगपट्टणच्या राजवाड्यात काय घडत होते याकडे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. वास्तविक त्या नाट्याच्या ऐन मध्यभागी एक महाराष्ट्रीय ब्राह्मण कारकून उभा आहे. हैदराच्या हिशेबाचा तो कर्ता, त्याच्याच बळावर राज्याचा प्रधान झालेला, आणि शेवटी त्याच्यावरच तोफा डागणारा. खंडेराव हे त्याचे नाव. किरमाणीसारख्या हैदर-टिपूच्या पदरी वावरलेल्या बखरकाराला तो कृतघ्न वाटतो, तर वोडेयर घराण्याविषयी ममत्व असणाऱ्यांना तो स्वामिनिष्ठ वाटतो. या दोन्ही निवाड्यांत त्याच्या हातातली वही कोणी उघडून पाहिलेली नाही.

या काळाचा सर्वांत सविस्तर वृत्तान्त मार्क विल्क्स याचा आहे. म्हैसूर दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून त्याने काम केले होते आणि त्याच्या इतिहासाचा पहिला खंड १८१० साली प्रसिद्ध झाला. पूर्णय्यासारख्या जुन्या कारभाऱ्यांकडून त्याला माहिती मिळाली. मात्र १७९९ मध्ये इंग्रजांनी वोडेयरांना पुन्हा गादीवर बसविले होते, आणि त्या कृतीचे समर्थन करावयाचे तर मधला काळ हा अपहाराचा काळ ठरविणे विल्क्सला सोयीचे होते. हे ध्यानात ठेवूनच त्याचे कथन वाचले पाहिजे. तथापि पगार, वसूल, तारणे आणि जमेच्या रकमा यांविषयी तो जे सांगतो त्यात पक्षपाताला फारसा वाव नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्याच मजकुराला.

चिक्कदेवराज वोडेयर १७०४ साली वारला तेव्हा म्हैसूरचा खजिना दक्षिणेत नावाजलेला होता. नऊ कोटींचा धनी म्हणून त्याला 'नवकोटि नारायण' म्हणत. एक-एक हजार होनांच्या दोन थैल्या रोज खजिन्यात जमा झाल्याखेरीज तो अन्नाला शिवत नसे, अशी आख्यायिका विल्क्सने नोंदविली आहे. अठरा कचेऱ्यांमध्ये विभागलेला कारभार त्यानेच घालून दिला. बेंगळूर म्हैसूरच्या राज्यात आले तेही त्याच्याच कारकिर्दीत. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून घेतलेले हे ठाणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पुढे तंजावरात स्थिरावलेल्या एकोजींना ते सांभाळणे जड जाऊ लागले आणि ३ लाख रुपयांना चिक्कदेवराजाला विकण्याचे ठरले. व्यवहार पुरा होण्याच्या सुमारास, १६८७ च्या जुलैमध्ये, मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले, आणि त्याच किमतीला म्हैसूरकरांच्या हवाली केले. मोल देऊन घेतलेले हे शहर पुढे राजाच्या हातून कसे गेले, ते यथाक्रम येईल.

चिक्कदेवराजाचा पुत्र कंठीरव हा मुका होता. राजा बोलू शकत नाही म्हटल्यावर त्याच्या वतीने बोलणारे निर्माण होणे क्रमप्राप्त होते. कळलेच्या घराण्यातील पुरुष सेनापती, म्हणजे दळवाई, होत असत. त्या पदाचे वजन याच काळात वाढत गेले. कंठीरवाच्या मागून आलेला दोड्ड कृष्णराज १७३२ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा दळवाई देवराज आणि त्याचा भाऊबंद नंजराज यांनी चामराज नावाच्या आप्ताला गादीवर आणले. या चामराजाने स्वतः कारभार करण्याची इच्छा धरली. त्याची रवानगी कब्बाळदुर्गावर झाली आणि तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या जागी १७३४ साली जेमतेम पाच-सहा वर्षांचा कृष्णराज बसविण्यात आला. कर्तबगार राजा नको, अज्ञान राजा हवा, हे सूत्र येथे प्रथम उघडपणे अमलात आले. पहिल्या नंजराजाच्या पश्चात दळवाईचा धाकटा भाऊ करचुरी नंजराज हा सर्वाधिकारी झाला. सैन्य थोरल्याकडे आणि वसूल धाकट्याकडे, अशी ही घरगुती वाटणी होती. कालांतराने नंजराजाने आपली मुलगीही राजाला दिली. सेना, खजिना आणि अंतःपुर ही राजसत्तेची तिन्ही दारे अशा रीतीने एकाच घराच्या अंगणात उघडत होती.

करचुरी नंजराज सामान्य मनुष्य नव्हता. तो स्वतः ग्रंथकार होता, आणि त्याच्या आश्रयाला असलेल्या नरसिंह कवीने 'नंजराजयशोभूषण' हा अलंकारशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ रचला. वारंगळच्या प्रतापरुद्राला नायक कल्पून विद्यानाथाने जे केले होते तेच येथे नंजराजाला नायक कल्पून केले आहे. राज्यात छत्रपती एक असताना काव्यातला नायक दुसराच असावा, ही गोष्ट दरबाराच्या स्थितीवर पुरेसा प्रकाश टाकते.

नंजराजाचा घात झाला तो त्रिचनापल्लीच्या लोभाने. कर्नाटकच्या नबाबीसाठी झगडणाऱ्या महंमदअलीने मदतीच्या मोबदल्यात त्रिचनापल्ली देण्याचे कबूल केले, आणि १७५२ पासून १७५५ पर्यंत नंजराज तेथे फौज घेऊन तळ देऊन राहिला. गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची फौजही त्याने पगारी घेतली होती. महंमदअलीने काम झाल्यावर शब्द फिरविला आणि श्रीरंगम् बेटाव्यतिरिक्त काही दिले नाही. तीन वर्षांच्या या मोहिमेत म्हैसूरला मिळाले ते कर्ज. नंजराज तिकडे गुंतलेला असतानाच १७५५ मध्ये निजाम सलाबतजंग, ब्यूसीच्या फ्रेंच पलटणींसह, श्रीरंगपट्टणपुढे येऊन उभा राहिला. मागणी होती ५६ लाखांची. दळवाई देवराजाने देवालयांतील चांदी-सोने आणि राजवाड्यातील जडजवाहीर गोळा केले, तरी एक-तृतीयांशापलीकडे रक्कम जमेना. उरलेल्या पैशांसाठी सावकारांना ओलीस देण्याची पाळी आली. ज्या खजिन्यात रोज दोन थैल्या पडत असल्याची आख्यायिका सांगितली जाई, त्याची ही अवस्था पन्नास वर्षांत झाली.

हैदर या चित्रात येतो तो याच सुमारास. १७४९ मध्ये देवनहळ्ळीच्या वेढ्यात त्याची चमक नंजराजाने हेरली होती. त्रिचनापल्लीच्या धामधुमीत त्याचे पथक वाढले, आणि १७५५ साली तो दिंडिगलचा फौजदार झाला. त्याच्या उत्कर्षाचे रहस्य शौर्याइतकेच हिशेबात होते, आणि तो हिशेब खंडेरावाचा होता. लुटीचा निम्मा वाटा शिपायाला आणि निम्मा धन्याला, अशी रीत हैदराने घातली. प्रत्येक बैल, प्रत्येक भांडे कागदावर चढत असे. दुसरीकडे सरकारातून पगार घेताना तीच वही उलट्या दिशेने चाले. एका चकमकीनंतर साठ-सत्तर जखमींच्या जागी सातशे माणसांच्या हातापायांना हळदीची फडकी बांधून हजिरी देण्यात आली आणि जखमींचा भत्ता उचलण्यात आला, ही विल्क्सने दिलेली गोष्ट प्रसिद्धच आहे. अशा वेळी राजधानीत बसून नंजराजाला गोड वाटतील अशी पत्रे वाचून दाखविणारा वकील खंडेरावच होता. पुढे राज्याच्या वसुलाला जे भगदाड पडले त्याचा पहिला चिरा त्याच्याच हाताने निखळला होता, हे त्याच्या कैवाऱ्यांनी विसरता कामा नये.

१७५६ मध्ये, वयाची पंचविशी उलटलेल्या कृष्णराजाने सासऱ्याच्या जोखडातून सुटण्याचा यत्न केला. मसलत फुटली. थोरल्या भावाचा विरोध असताही नंजराजाने राजवाड्याचा दरवाजा तोफेने उडविला, आणि राजाच्या पक्षाच्या माणसांची नाके व कान राजाच्या डोळ्यांदेखत कापविले. देवराज या कृत्याने इतका उद्विग्न झाला की पुढील वर्षाच्या आरंभी तो राजधानी सोडून सत्यमंगलमला निघून गेला. आजवरची दुफळी राजा आणि दळवाई यांच्यात होती. ती आता दळवाईच्या घरातही शिरली. याच फुटीच्या मुहूर्तावर, १७५७ च्या मार्चमध्ये, नानासाहेब पेशवे श्रीरंगपट्टणवर आले. त्यांनी मागितलेल्या खंडणीचा तोडगा ३२ लाखांवर निघाला. रोख देता आले ते पाच-सहा लाख; बाकीसाठी तेरा-चौदा तालुके मराठ्यांकडे गहाण पडले.

या क्षणापासून म्हैसूरच्या इतिहासाचा धागा गहाणखतांमधून शोधावा लागतो. महाल गहाण पडले की वसूल थांबतो; वसूल थांबला की पगार थकतो; पगार थकला की शिपाई धरणे धरतो. १७५८ मध्ये नंजराजाच्या दारात शिबंदीने धरणे धरले आणि त्याचे अन्नपाणी अडविले. हैदर सत्यमंगलमहून वृद्ध देवराजाला समजावून घेऊन आला, दोघा भावांचा समेट घडविला, नंजराजाला राजाची क्षमा मागावयास लावली. देवराज त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला. थकबाकीचा निकाल लावण्याचे काम हैदर आणि खंडेराव यांच्यावर सोपविण्यात आले. खंडेरावाने हजिरीपट तपासून खोटे पगार छाटले, राजवाड्यातील हत्ती-घोडे आणि चीजवस्तू यांची वाटणी करून खऱ्यांची तोंडे बंद केली, आणि फौजेचा मोठा भाग कमी केला. काम चोख झाले, यात शंका नाही. हजिरीतील लबाडी ज्याने स्वतः केली होती त्याला ती शोधून काढणे अवघड नव्हते. परंतु त्या दिवसापासून शिपायाला एक गोष्ट उमगली: पगार राजा देत नाही, नंजराज देत नाही, पगार हैदर देतो. बेंगळूरचा किल्ला आणि त्याखालचा मुलूख हैदराला जहागीर मिळाला तो याच सुमारास.

१७५९ मध्ये गोपाळराव पटवर्धन आणि आनंदराव रास्ते गहाणाच्या तालुक्यांचा जाब विचारण्यास आले. बेंगळूरला वेढा पडला, चन्नपट्टण गेले. हैदराने ते परत घेतले आणि पुन्हा ३२ लाखांवरच तह केला. निम्मी रक्कम दरबारी मंडळींकडून वर्गणीने उभी राहिली. उरलेली सावकारांनी दिली, ती हैदराच्या जामिनावर. आणि त्या जामिनापोटी सोडविलेले तालुके हैदराच्या ताब्यात गेले. मराठ्यांकडील गहाण सुटले, पण धन्याला मिळाले नाही; ते एका सावकाराकडून दुसऱ्याकडे गेले. राजाने हैदराला 'फतेह हैदर बहादूर' हा किताब दिला.

आता राजमातेच्या आणि खंडेरावाच्या मसलतीने पुढचा डाव पडला. सासऱ्याच्या हातून राज्य सोडवावयाचे तर हैदराखेरीज साधन नव्हते. फौजेचा पगार थकलेलाच होता. शिपायांनी हैदराच्या दारी धरणे धरले. हैदर त्यांच्यासह जाऊन नंजराजाच्या दारी बसला. स्वतःच्या जुन्या धन्याच्या उंबऱ्यावर धरणेकऱ्यांत बसलेला हैदर पाहताच नंजराज काय ते समजला. आपला शब्द आता चालत नाही, राजानेच पगार द्यावा, असे सांगून त्याने कारभार सोडला. जमाव राजवाड्याकडे वळला. खंडेराव राजाचे उत्तर घेऊन बाहेर आला: हैदराने नंजराजाचा संबंध तोडून राजाशी इमानाची शपथ वाहावी, म्हणजे पगाराची सोय होईल. शपथ वाहण्यात आली. सोय म्हणजे अर्थातच आणखी महाल. नंजराजाला ३ लाख होनांची जहागीर लावून म्हैसूर गावी पाठविण्यात आले, आणि पुढे त्याच्यावर फौज नेऊन कोणनूरला हटविण्यात आले. खंडेराव प्रधान झाला. राजा सासऱ्यापासून मुक्त झाला, आणि राज्याचा निम्म्याहून अधिक वसूल हैदराकडे गेला.

घरातल्या शत्रूला काढण्यासाठी सीमेवरचा सशस्त्र पुरुष घरात घेण्याची ही रीत म्हैसूरचीच नव्हे. चीनमधील हान घराण्याच्या अखेरीचा प्रसंग या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखा आहे. इ. स. १८९ मध्ये लिंग सम्राट वारल्यावर राणीचा भाऊ सेनापती हो जिन आणि अंतःपुरातील खोजे यांच्यात सत्तेसाठी झगडा माजला. खोजांचा नायनाट करण्यास राजमातेची संमती मिळेना, म्हणून तिच्यावर दडपण यावे यासाठी हो जिनने सरहद्दीवरील सरदार दोंग झुओ याला फौजेसह राजधानीकडे बोलाविले. तो पोचण्यापूर्वीच खोजांनी हो जिनचा खून केला. त्याच्या पक्षाने मग खोजांची कत्तल केली. दोंग झुओ लोयांगला आला तेव्हा दोन्ही पक्ष संपलेले होते आणि फौज त्याच्या एकट्याकडे होती. त्याने बालसम्राटाला उतरवून धाकट्या भावाला बसविले, आणि पुढच्याच वर्षी लोयांग जाळले. हान घराणे त्यानंतर २२० पर्यंत नावापुरते चालू राहिले. दोन्ही ठिकाणी गणित एकच आहे, फक्त एका बाबतीत म्हैसूरचे उदाहरण अधिक बोधक ठरते. दोंग झुओ लुटारू होता आणि त्याचा अंमल दोन-तीन वर्षांत आटोपला. हैदराजवळ खंडेरावाने घडविलेली हिशेबाची व्यवस्था होती. त्यामुळे त्याची पकड सुटण्याजोगी राहिली नाही.

ही पकड किती घट्ट झाली आहे हे सर्वांआधी कळले ते खंडेरावालाच. म्हैसूरच्या वेढ्याच्या खर्चापोटी हैदराने आणखी चार तालुके मागितले, तेव्हा राजाकडे उरणार काय, असा प्रश्न प्रधानाने केला. आजवर धन्याच्या बाजूने लिहिलेले आकडे त्याला प्रथमच राजाच्या बाजूने वाचावे लागत होते. मतभेदाचे वैर झाले. राजमाता पुन्हा मसलतीत आली. या खेपेस बाहेरचा सशस्त्र पुरुष म्हणून निवड झाली ती विसाजी कृष्ण बिनीवाले यांची. ते मराठी फौजेनिशी बाळापूर-देवनहळ्ळीच्या बाजूस होते. हैदराची उत्तम फौज त्या वेळी मखदूमअलीच्या हाताखाली फ्रेंचांच्या साहाय्यास पूर्वेकडे गेलेली होती. वेळ अचूक निवडली होती, याबद्दल खंडेरावाला दाद द्यावी लागते.

१२ ऑगस्ट १७६० रोजी सकाळी श्रीरंगपट्टणच्या किल्ल्याचे दरवाजे उघडले नाहीत. हैदर किल्ल्याबाहेर बेटावर, पुढे जेथे दर्यादौलत बाग झाली त्या बाजूस राहत असे. त्याच्या मुक्कामावर तोफांचे गोळे पडू लागले. त्याने खंडेरावाला बोलावणे धाडले, तेव्हा खंडेराव स्वतः तटावर उभा राहून तोफा चालवितो आहे, असे उत्तर आले. दिवस कसाबसा निभावून, कुटुंब आणि नऊ-दहा वर्षांचा टिपू यांना मागे ठेवून, हैदराने थोड्या स्वारांनिशी रात्री नदी ओलांडली. तो प्रथम आनेकलला गेला. तेथे त्याचा मेहुणा इस्माइलअली होता. त्याला बेंगळूरचा अंदाज घेण्यास पुढे पाठविले. बेंगळूरचा किल्लेदार कबीर बेग हा हैदराचा जुना स्नेही. किल्ला काबीज करण्याविषयीचे खंडेरावाचे हुकूम निघालेले होतेच. पण ते अमलात येण्याच्या आत राजाच्या पक्षाचे शिपाई युक्तीने बाहेर काढून दरवाजे लावून घेण्यात आले. संध्याकाळी हैदर बेंगळूरला पोचला. वीस तासांत त्याने ९८ मैलांची मजल मारली होती, असे विल्क्स सांगतो. काही घटकांचा हा फरक पडला नसता, तर दक्षिण हिंदुस्थानच्या पुढील चाळीस वर्षांचा इतिहास वेगळा झाला असता, असे म्हणण्यास हरकत नाही.

बेंगळूरला आल्यावर हैदराने जे केले ते फार सूचक आहे. त्याचा खजिना, कुटुंब आणि सामान शत्रूच्या हाती होते. भोवती फौज थोडी. त्याने पेठेतील सावकारांना बोलाविले आणि केवळ शब्दावर ४ लाख रुपये कर्ज मिळविले. पाच वर्षांपूर्वी म्हैसूरच्या दळवाईला देवालयांची भांडी देऊनही सावकार ओलीस ठेवावे लागले होते. सावकाराला राजनिष्ठा नसते असे नव्हे. पण महालांचा वसूल कोणाकडे येतो हे त्याला प्रधानाइतकेच ठाऊक असते. राजधानी, राजा, राजमाता आणि सिंहासन खंडेरावाकडे होते, तरी पत हैदराकडे होती. बेंगळूरच्या पेठेने त्या आठवड्यात जो निवाडा दिला, तोच पुढे रणांगणाने कायम केला.

खंडेरावाचा दुसरा आधार मराठ्यांचा. विसाजीपंतांनी परत येऊ पाहणाऱ्या मखदूमअलीला वाटेत अडवून धरले, आणि त्याच्या साहाय्यास हैदराने पाठविलेली तुकडीही निष्फळ ठरली. हैदराचा अंत जवळ आला असे वाटत असतानाच मराठे बारामहाल आणि ३ लाख रुपये यांवर तह करून माघारी वळले. उत्तरेकडे पानिपतचे सावट पडलेले होते. १४ जानेवारी १७६१ ला तो घाव बसला. विसाजीपंतांना दोष देण्याचे कारण नाही. पुण्याच्या दृष्टीने म्हैसूरचे प्रकरण खंडणीचे होते, वोडेयरांच्या स्वातंत्र्याचे नव्हे, आणि हे खंडेरावासारख्या मुरलेल्या कारभाऱ्याला कळावयास हवे होते. बारामहाल तर हैदराने दिलाच नाही.

मराठे गेले तरी खंडेराव हरलेला नव्हता. नंजनगूडजवळ त्याने हैदराचा स्पष्ट पराभव केला. त्यानंतर हैदर कोणनूरला, ज्याला त्याने स्वतः तेथवर हाकलले होते त्या नंजराजाच्या पायाशी गेला, डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागितली आणि त्याला पुन्हा सर्वाधिकारी म्हणून पुढे केले. पदच्युत सर्वाधिकाऱ्याचा अभिमान अद्याप जागा होता. आपल्या नावाने लढणाऱ्याचा हेतू काय याची चौकशी त्याने केली नाही. कट्टेमळलवाडीजवळ खंडेराव आडवा आला तेव्हा हैदराने नंजराजाच्या शिक्क्यांची बनावट पत्रे तयार करविली. खंडेरावाच्या सरदारांना ती लिहिलेली होती आणि ठरल्याप्रमाणे खंडेरावाला पकडून द्यावे असा त्यांचा आशय होता. पत्रे खंडेरावाच्याच हाती पडतील अशी तजवीज केली होती. ती वाचताच खंडेराव घोड्यावर बसून राजधानीकडे पळाला, आणि निर्नायक फौज हैदराने उधळून लावली.

या एका प्रसंगावरून खंडेरावाला भित्रा ठरविणाऱ्यांनी त्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. ज्या दरबारात राजाने सासऱ्याविरुद्ध, भावाने भावाविरुद्ध, सेवकाने धन्याविरुद्ध मसलत केली, आणि ज्यातल्या शेवटच्या दोन मसलती स्वतः आपणच जुळविल्या, तेथे आपल्याविरुद्ध तिसरी शिजली आहे यावर अविश्वास ठेवण्यास त्याला काय कारण होते? पत्रे खोटी असली तरी त्यांतला मजकूर त्या दरबारात रोज खरा होत आला होता. खंडेराव हा कृतघ्न नव्हता आणि निव्वळ स्वामिनिष्ठही नव्हता. राज्याचा वसूल माणसामागून माणसाकडे वळविता येतो, आणि तो हवा तेव्हा परत वळविता येईल, अशी त्याची समजूत होती. पहिली गोष्ट त्याने करून दाखविली. दुसरी करण्यासाठी लागणारा राजाचा स्वतःचा असा एकही महाल, एकही पथक, एकही सावकार शिल्लक उरलेला नव्हता, आणि त्यांतले बहुतेक त्याच्याच लेखणीने गेले होते.

१७६१ च्या उन्हाळ्यात हैदर श्रीरंगपट्टणसमोर आला. त्याने राज्य मागितले नाही. आपले येणे मोठे आहे ते फेडावे, आणि खंडेराव आपला नोकर आहे तो आपल्या स्वाधीन करावा, एवढीच त्याची मागणी होती. राजासाठी ३ लाख होनांचे आणि नंजराजासाठी १ लाखाचे महाल राखून बाकी सर्व राज्याचा कारभार त्याच्याकडे देण्यात आला. नंजराजाचे सर्वाधिकार पुन्हा कोणी काढले नाहीत. याच जूनमध्ये, २३ तारखेला, पुण्यास नानासाहेब पेशवे वारले, आणि चुलत्या-पुतण्यांच्या तंट्याची पेशवाईत सुरुवात झाली. १७६५ मध्ये माधवरावांनी कोंडीत पकडलेल्या हैदराला रघुनाथरावांच्या मध्यस्थीने सौम्य अटी मिळाल्या, हा त्या तंट्याचाच एक भाग.

खंडेरावाचे प्राण वाचावेत म्हणून राजवाड्यातील स्त्रियांनी हैदराकडे रदबदली केली. आपण त्याला पोपटासारखा सांभाळू, असे त्याने कळविले. मग त्याला लोखंडी पिंजऱ्यात घालण्यात आले आणि मरेपर्यंत दूधभातावर ठेवण्यात आले. तो पिंजरा बेंगळूरच्या बाजारात ठेवलेला होता, असे सांगितले जाते. त्याच वर्षी हैदराने बेंगळूरचा जुना मातीचा कोट दगडात बांधावयास घेतला. त्या कोटापैकी दिल्ली दरवाजा आणि आतले गणपतीचे छोटे देऊळ कृष्णराजेंद्र मार्केटजवळ अद्याप उभे आहे.